केडगावच्या रमाबाई

माझी लेक पुण्यात असते. तिच्याकडं जायचं म्हणजे मालेगावहून एसटीनं अकोला आणि पुढं महाराष्ट्र एक्सप्रेस. पहाटे दौंड मागं पडलं की मी चादर, डबा, पाण्याची बाटली आवरायला घेते. तेवढ्यात खिडकीबाहेरून केडगाव नावाचं एक स्टेशन सरकून जातं. कितीतरी वर्षं त्या नावाचं मला काहीच वाटलं नाही. आता मात्र ते आलं की हातातलं आवरणं थांबतं.

मैत्रिणींनो, आज सांगायचंय ते या केडगावच्या पंडिता रमाबाईंबद्दल. आपल्याकडं रमाबाई म्हटलं की कुणाला रानड्यांच्या आठवतात, कुणाला बाबासाहेबांच्या. या तिसऱ्या. शाळेच्या पुस्तकात यांच्यावर दोन ओळी असतात. संस्कृत यायचं, विधवांसाठी शाळा काढली, ख्रिस्ती झाल्या. संपलं! मीही तेवढंच पाठ करून मार्क मिळवले होते.

पण आधी आमच्या गल्लीतली गोष्ट सांगते, कारण रमाबाई मला तिच्यामुळं सापडल्या.

दहावी झालेली मुलगी. बाप नाही, आई सोयाबीनच्या सोंगणीला, निंदणाला जायची. एक लांबची मावशी परराज्यातलं स्थळ घेऊन आली. हुंडा नको, मानपान नको, उलट लग्नाचा खर्चही पोराकडचेच करणार. आम्ही साऱ्या बाया म्हणालो, नशीब काढलं पोरीनं! मी स्वतः तिला साडी नेऊन दिली. दीड वर्षानं ती एकटीच परत आली. तिच्यासाठी पैसे मोजले गेले होते, हे हळूहळू कळलं. आणि आम्ही काय केलं? नळावर, लग्नात, हळदीकुंकवात एकच विचारत राहिलो, का गं परत आली? सांगायला लाज वाटते, पण विचारणाऱ्यांत मीही होते. ती घराबाहेर पडेनाशी झाली. तिच्या अशा होण्याला तो दलाल जबाबदार होताच, पण थोड्या आम्हीही.

त्याच सुमारास लेकीच्या घरी रमाबाईंचं चरित्र हाती लागलं आणि मी दोन दिवसांत वाचून काढलं.

रमाचा जन्म १८५८चा, आताच्या कर्नाटकातल्या घाटात, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतला, आणि आईनं पुढं रमाला शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी हिंडायचं. मग आला दुष्काळ. १८७४ नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. विशीच्या आतली पोर, उपाशीपोटी, रानावनातून, अनोळखी गावांमधून हजारो मैल चालत राहिली. भाऊ सोबत होता म्हणून निभावलं. नाहीतर अशा पोरीचं काय होतं, हे तिनं वाटेवर पाहिलं असेलच.

पुढचं बरंच तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून भराभर सांगते. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून लग्न केलं. १८८१मध्ये मनोरमा झाली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. चोवीस वर्षांचीही नव्हती हो! मांडीवर लेक घेऊन ती पुण्याला आली. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं बायकांसाठी शिक्षिका आणि डॉक्टर मागितल्या. १८८३मध्ये इंग्लंडला गेली, तिथं ख्रिस्ती झाली. मग अमेरिका. तिथं पुस्तक लिहून, गावोगाव भाषणं देऊन मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. वर्षभरानं ते पुण्याला नेलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई, म्हणजे आपल्या बाया कर्वे, याच शारदा सदनातल्या.

आता मी जिथं अडकले ते सांगते.

शारदा सदन चालू असतानाच रमाबाई गरीब यात्रेकरू बाईच्या वेषात उत्तरेकडं गेल्या, मथुरा-वृंदावनाकडं. तिथल्या विधवांची दशा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. पाहिली आणि लिहूनही ठेवली. पंड्यांची माणसं गावोगाव फिरायची. कुठल्या घरात तरुण विधवा आहे, कुणाला ती जड झालीय, याचा बरोबर माग काढायची. मग गोड बोलून पुण्याची, देवदर्शनाची, सेवेची लालूच दाखवायची. घरचे हसत निरोप द्यायचे. तिथं पोचल्यावर जवळचं किडूकमिडूक संपेपर्यंत खोली मिळायची. ते संपलं की त्या बाईपुढं फार थोडे रस्ते उरायचे आणि एकही चांगला नसायचा.

वाचताना मला आमची ती मावशीच दिसली! सव्वाशे वर्षांपूर्वी देव दाखवून न्यायचे, आता स्थळ दाखवून किंवा शहरातली नोकरी दाखवून नेतात. बाईला ओढून कुणी नेत नाही, ती आपल्या पायांनी जाते. म्हणूनच नंतर सगळे म्हणायला मोकळे, तीच गेली होती ना?

१८९६-९७मध्ये मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपलं वऱ्हाड तेव्हा कारभारानं वेगळं, पण नागपूर, जबलपूरकडचा तो मुलूख काही परका नाही. बातम्या आल्या आणि रमाबाईंना स्वतःचं उपाशी बालपण आठवलं. हे त्यांनीच लिहिलंय. हाताशी पैसा नव्हता, तरी त्या निघाल्या. गरीबखान्यांत, सरकारी मदत-छावण्यांत फिरल्या. मुलींसाठी तिथंही धोका होता. ज्याच्या हाती धान्य, त्याच्या मनात काय असेल याचा भरवसा नव्हता. शिवाय अनाथ मुली हेरून नेणारे स्त्री-पुरुष आसपास टपलेलेच. त्यांच्या आधी पोचायचं, एवढीच रमाबाईंची धडपड. त्या खेपेला शेकडो मुलींना त्यांनी बाहेर काढलं आणि सुमारे तीनशे जणींना आपल्याकडं ठेवून घेतलं.

पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या माणसांना शहरात ठेवायची परवानगी मिळेना. सदनाला थोडं उत्पन्न असावं म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती, तिथं तंबू ठोकले. तेच मुक्ती सदन.

पण मुली आणल्या म्हणजे झालं का? घरी एक आजारी लेकरू असलं की आपली किती तारांबळ होते! इथं तीनशे, आजारी, भेदरलेल्या. कुणाची भाषा वेगळी, कुणाच्या अंगावर खरूज. रमाबाईंनी काय केलं असेल? शारदा सदनात आधीपासून असलेल्या मुली, ज्या स्वतः कधी अशाच टाकून दिलेल्या होत्या, त्यांच्याकडं या नव्या मुलींचे गट सोपवले. कालच्या निराधार पोरी आज कुणाच्या तरी आई झाल्या. मला हे फार मोठं वाटतं. बाहेरची कुणी साहेबीण ठेवून भागलं नसतं.

आणि काम शिकवलं. विणकाम, शिवण, शेती, दूध-दुभतं, तेलाचा घाणा, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल. खिळे जुळवून पानं छापायचं काम बायका करायच्या, त्या काळात! १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. १८९९च्या सुमारास कृपा सदन उघडलं, ज्या बायकांना जग वाया गेलेल्या म्हणायचं त्यांच्यासाठी.

त्याच प्लेगाच्या दिवसांत, १८९७मध्ये, त्यांच्याकडची एक मुलगी पुण्याच्या सरकारी छावणीत नेली गेली आणि तिथून नाहीशी झाली. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. वर्तमानपत्रात पत्र लिहून थेट सरकारला जाब विचारला. गव्हर्नरनं आरोप नाकारले, प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. शेकडो मुली सांभाळणारीला एकीचं काय, असं कुणी म्हणालं असतं. त्यांनी तसं मोजलं नाही.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. मुली ख्रिस्ती होतायत म्हणून १८९३मध्ये पुण्यात गदारोळ झाला, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या, जवळचे सुधारकही दुरावले. मुक्तीत तर प्रार्थना आणि बायबल हाच दिवसाचा कणा होता. उपाशी आलेल्या पोरीला धर्माची निवड कितपत मोकळी होती, हा प्रश्न मला पडतोच. कृपा सदन वेगळं का ठेवावं लागलं, हाही पडतो. पण त्या मुलींसाठी दुसरं दार कुणी उघडलं होतं, असं विचारलं की आपल्याकडं फारसं उत्तर नसतं.

आज कायदा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३मध्ये मानवी तस्करीच्या गुन्ह्यात पीडितेच्या होकाराला अर्थ नाही. म्हणजे फसवून, आमिष दाखवून शोषणासाठी नेलं असेल तर ती हो म्हणाली होती, आपल्या पायांनी गेली होती, ही सबब चालत नाही. तेव्हा अशी काही शंका आली तर ११२ला, बाईसाठी १८१ला, लहान मुलासाठी १०९८ला फोन करायचा. दिवाळी झाली की आपल्या भागातून ऊसतोडीला, वीटभट्टीला टोळ्या निघतात, लेकी सोबत जातात. हे नंबर त्यांच्याजवळ लिहून द्या, मोबाइलमध्ये नको, मोबाइल आधी काढून घेतात.

शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बरोबरीनं काम सांभाळणारी मनोरमा जुलै १९२१मध्ये, चाळिशीतच गेली. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. भाषांतर तेवढ्यात हातावेगळं केलं होतं, आणि छापलं ते मुक्तीतल्या बायकांनीच.

मागच्या महिन्यात मी गल्लीतल्या त्या मुलीकडं गेले. परत का आलीस हे विचारलं नाही. ब्लाऊजचं कापड नेलं होतं, शिवशील का म्हटलं. तिनं माप घेतलं. बाह्या थोड्या घट्ट झाल्यात, पण उसवायला अजून गेले नाही. उद्या जाईन म्हणते.