सांडलेल्या डांबराची गोष्ट

आमच्या वाडीचा रस्ता गेल्या साली डांबरी झाला. तेव्हा मी बघायला गेलो नि माझी नवी चप्पल डांबरात रुतून बसली. घरी आईची बोलणी खाल्ली. गुरुजी मात्र रागावले नाहीत. त्यांनी मला एडगर हूली यांची गोष्ट सांगितली. मित्रांनो, तीच इथे लिहितो.

हूली यांचा जन्म १८६० साली वेल्समधील स्वान्सी येथे झाला. पुढे ते इंग्लंडात नॉटिंगहॅमशायर परगण्याचे सर्वेक्षक झाले. रस्ते पाहणे हे त्यांचे काम. त्या काळी बारीक खडी दाबून रस्ते करीत. घोडागाडीला ते चालत. पण मोटारी आल्या नि खडी उखडू लागली. उन्हाळ्यात फुफाटा, पावसात चिखल!

१९०१ साली हूली डेन्बी गावाजवळून चालले होते. तिथे लोखंडाची भट्टी होती. रस्त्याचा एक तुकडा त्यांना अगदी गुळगुळीत दिसला. ना धूळ, ना चाकोरी. त्यांनी चौकशी केली. गाडीवरून डांबराचे पिंप पडून फुटले होते. ती चिकचिक झाकायला कुणीतरी भट्टीतली मळी वर टाकली होती. ही साखर कारखान्याची मळी नव्हे बरं का! लोखंड वितळवताना जो दगडासारखा गाळ उरतो, ती ही मळी. डांबरही तेव्हा दगडी कोळशापासून गॅस काढताना मागे उरे. म्हणजे दोन्ही वस्तू उरल्यासुरल्याच!

त्या वाटेने कितीतरी माणसे गेली असतील. थांबून विचारले ते हूली यांनी.

डांबर तापवून त्यात मळी मिसळायची रीत त्यांनी बसवली व १९०२ साली तिचे पेटंट घेतले. नॉटिंगहॅमचा ५ मैलांचा रॅडक्लिफ रोड तसा बांधला. १९०३ साली कंपनीही काढली, पण धंदा काही जमेना. १९०५ साली आल्फ्रेड हिकमन या पोलाद कारखानदाराने ती पुन्हा उभी केली. त्यांच्याकडे मळीला काय तोटा! हूली १९४२ साली वारले.

आता रस्त्याचे डांबर खनिज तेलापासून मिळते. मळी मात्र अजून कामी येते. सुरतजवळ हजिरा येथे २०२२ साली पोलाद कारखान्याच्या मळीचा रस्ता झाला.

माझी चप्पल काही निघाली नाही. पण आता कोणतीही वस्तू उकिरड्यावर टाकण्याआधी मी ती एकदा नीट बघतो. तुम्हीही बघा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी