दो-रे-मी देणारे मठवासी ग्विदो

रविवारच्या मिस्सानंतर आपल्या गायकवृंदातील लहान मुले कीबोर्डभोवती जमतात. कानाने ऐकलेली चाल ती चटकन वाजवतात. पण स्वरलिपीचा कागद समोर ठेवला की बोटे जागीच थांबतात. पाच रेषा आणि त्यांवरचे काळे ठिपके पाहून रडकुंडीला आलेली मुले आम्ही पाहिली आहेत. जवळजवळ एक हजार वर्षांपूर्वी अशाच मुलांची वाट ज्यांनी सोपी केली, त्या ग्विदो यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

ग्विदो यांचा जन्म इ. स. ९९१ च्या सुमारास झाला. इटलीत पोंपोसा येथील बेनेडिक्टाईन मठात ते संन्यासी झाले आणि तेथे मुलांना उपासनेतील गायन शिकवू लागले. त्या काळी स्तोत्रांच्या शब्दांवर लहान लहान खुणा करीत. आवाज वर जातो की खाली येतो एवढे त्या खुणा सांगत. नेमका किती, हे पुष्कळदा कळत नसे. मुलांनी गुरुजींच्या तोंडून ऐकायचे आणि पाठ करायचे. दहा-दहा वर्षे घोकूनही मुले स्वतःहून एखादे नवे स्तोत्र गाऊ शकत नाहीत, ही ग्विदो यांची तक्रार होती. देवाच्या स्तुतीचा वेळ असा पाठांतरात जावा, याचे त्यांना फार वाईट वाटे.

मायकल नावाच्या दुसऱ्या एका मठबंधूसह त्यांनी नवी पद्धत शोधली. मुले लवकर शिकू लागली, नाव झाले. आणि मठातच काहींना ते सहन झाले नाही. मत्सर इतका वाढला की ग्विदो यांना मठ सोडावा लागला. (चांगले काम करणाऱ्याला घरच्यांकडूनच त्रास व्हावा, हे तेव्हाही होते!)

साधारण १०२५ साली आरेत्झोचे बिशप थेओडाल्ड यांनी त्यांना आश्रय दिला आणि कॅथेड्रलच्या गायक मुलांना शिकविण्याचे काम सोपविले. येथेच त्यांनी 'मिक्रोलोगुस' हा ग्रंथ लिहिला.

आता त्यांची युक्ती पाहा. त्यांनी रेषा आखल्या आणि प्रत्येक रेषेला व मधल्या प्रत्येक जागेला एकेक स्वर ठरवून दिला. एक रेषा लाल, एक पिवळी. रेषेच्या सुरुवातीला अक्षर. पियानोच्या पुस्तकात डाव्या हाताच्या ओळीला जी वळणदार खूण असते, ती अशाच एका 'एफ' अक्षराचे बदललेले रूप आहे.

पण कागदावर स्वर दिसला तरी तो गळ्यातून निघायचा कसा? त्यासाठी ग्विदो यांनी संत योहान बाप्तिस्ता यांचे एक लॅटिन स्तोत्र घेतले. त्याच्या पहिल्या सहा तुकड्यांची सुरुवात क्रमाने एकेक पायरी वरच्या स्वरावर होते आणि त्यांची पहिली अक्षरे आहेत उत्, रे, मी, फा, सोल, ला. मुलाला हे स्तोत्र पक्के पाठ. कागदावर स्वर दिसला की त्याने तो तुकडा मनात सुरू करायचा. स्वर आपोआप सापडतो. मी आणि फा यांच्यातले अंतर इतरांपेक्षा निम्मे असते, जसे आपल्या शुद्ध ग आणि म यांच्यात. तेथेच नवशिके चुकतात. स्तोत्र पाठ असलेले मूल चुकत नाही. 'उत्' चे 'दो' पुढे झाले आणि सातवा 'सी' हाही नंतरचा. बोटांच्या पेरांवर स्वर मोजण्याचा जो हात ग्विदो यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, तो मात्र त्यांच्या लेखनात नाही. गोव्यातील पॅरिश शाळांतून मेस्त यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना जे सोलफेज शिकविले, त्याचे मूळ हेच.

ही वार्ता रोमला गेली. पोप योहान एकोणिसावे यांनी ग्विदो यांना बोलाविण्यासाठी तीन निरोपे पाठविले. १०२८ च्या सुमारास ग्विदो तेथे गेले. पोप महोदयांनी त्यांचे पुस्तक हाती घेतले, पाने उलटली आणि पूर्वी कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः वाचून गाईपर्यंत ते जागेवरून उठले नाहीत. या पोपांविषयी इतिहास फारसे चांगले बोलत नाही. पण त्या दिवशी ते चांगले विद्यार्थी होते, असे आम्ही म्हणू.

रोमचा दमट उन्हाळा ग्विदो यांना मानवला नाही. ते आजारी पडले आणि हिवाळ्यात परत येण्याचे कबूल करून निघाले. त्याच सुमारास पोंपोसाच्या मठाधिपतींची भेट झाली. त्यांचेही नाव ग्विदो, आणि पुढे ते संत म्हणून गौरविले गेले. पुस्तक पाहून त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली आणि मठात परत या, अशी विनंती केली. हे सर्व ग्विदो यांनी मायकलला एका पत्रात कळविले. मायकलनेही त्यांच्यासारखाच त्रास सोसला होता. नवे स्तोत्र कसे वाचावे याचा पाठ त्याच पत्रात आहे.

ते स्तोत्र २४ जून रोजी, संत योहान बाप्तिस्ता यांच्या जन्मोत्सवाच्या संध्याप्रार्थनेत आजही आहे. यंदा त्याचे पहिले सहा तुकडे मुलांना शिकविण्याचे आम्ही ठरविले आहे, आणि तेही कागद समोर ठेवून.