सागरसंशोधनाचा आश्रयदाता : मोनॅकोचे प्रिन्स आल्बर्ट पहिले

समुद्राचा शास्त्रीय अभ्यास हे मोठ्या खर्चाचे काम आहे. त्यासाठी जहाज लागते, खलाशी लागतात, उपकरणे व प्रयोगशाळा लागतात आणि वर्षानुवर्षे वाट पाहण्याची तयारी लागते. एवढे करूनही हाती येणारे ज्ञान बाजारात विकता येत नाही. मग हा भार कोणी उचलावा? आज शासन, विद्यापीठे आणि विश्वस्त संस्था तो उचलतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मात्र एका चिमुकल्या कॅथलिक राज्याच्या अधिपतीने तो आपल्या खांद्यावर घेतला होता. त्या प्रिन्स आल्बर्ट पहिले यांच्या जीवनाची ओळख आम्ही वाचकांना येथे करून देत आहोत.

आल्बर्ट यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८४८ रोजी पॅरिस येथे झाला. मोनॅकोचे प्रिन्स चार्ल्स तिसरे हे त्यांचे पिता. ऐन तारुण्यात आल्बर्ट स्पेनच्या नौदलात दाखल झाले आणि १८७० च्या युद्धात त्यांनी फ्रान्सच्या नौदलात सेवा बजावली. समुद्राची ओढ त्यांना तेथेच लागली. १८७३ साली त्यांनी शिडांचे एक जहाज विकत घेतले आणि त्याचे नाव ‘इरोंदेल’, म्हणजे पाकोळी, असे ठेवले. आरंभी हा केवळ नौकाविहार होता. पुढे निसर्गशास्त्रज्ञ आल्फोन्स मिल्न-एदवार्द्स यांच्या प्रोत्साहनाने त्या विहाराचे संशोधनात रूपांतर झाले.

त्या सुमारास फ्रान्सच्या किनाऱ्यावर सार्डिन मासळी मिळेनाशी झाली होती आणि कोळी कुटुंबे हवालदिल झाली होती. समुद्रातील प्रवाह बदलल्यामुळे असे घडत असावे काय, असा प्रश्न विचारला जात होता. उत्तर शोधण्यासाठी आल्बर्ट यांनी १८८५ ते १८८७ या काळात उत्तर अटलांटिक महासागरात १,६७५ तरंगती साधने सोडली. त्यांत काचेच्या बाटल्या होत्या, लाकडी पिंपे होती आणि तांब्याचे पोकळ गोळेही होते. प्रत्येकात एक चिठ्ठी असून, ज्याला ती सापडेल त्याने स्थळ आणि दिवस कळवावा, अशी विनंती तीत केलेली होती. त्यांपैकी २२७ साधनांची खबर परत आली. तेवढ्यावरून या महासागराचे पाणी अझोर्स बेटांच्या परिसराभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असते, हे स्पष्ट झाले.

१८८९ साली पित्याच्या निधनानंतर आल्बर्ट गादीवर आले. राज्यकारभार अंगावर पडला तरी त्यांच्या सफरी थांबल्या नाहीत. ‘प्रिन्सेस आलिस’ नावाची दोन जहाजे आणि दुसरे ‘इरोंदेल’ त्यांनी खास संशोधनासाठी बांधून घेतले. भूमध्य समुद्रापासून उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेनपर्यंत त्यांनी एकूण २८ मोहिमा केल्या. १९०१ साली त्यांच्या जाळ्यात ६,०३५ मीटर खोलीवरून एक मासा वर आला. एवढ्या खोलवर मासे असू शकतात, याची तोवर कोणाला कल्पना नव्हती.

त्याच वर्षी शार्ल रिशे आणि पोल पोर्तिये हे दोन शास्त्रज्ञ त्यांच्या जहाजावर होते. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर वाहून येणारे आणि पाय पडताच आग करणारे निळे ‘ब्लूबॉटल’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्याच जातकुळीतील जीवाच्या विषाचा अभ्यास त्यांनी जहाजावर सुरू केला. पुढे प्रयोगशाळेत तेच सूत्र धरून त्यांनी ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ ही जीवघेणी अ‍ॅलर्जी शोधून काढली. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक लाभले. समुद्राच्या अभ्यासावर खर्च केलेला पैसा रुग्णाच्या खाटेपर्यंत असा पोहोचला.

आता एक अवघड प्रश्न. हा पैसा आला कोठून? १८६१ साली मोनॅकोच्या बहुतेक भूभागावर पाणी सोडावे लागल्यानंतर राज्याचे उत्पन्न आटले होते. तेव्हा चार्ल्स तिसरे यांनी माँटे कार्लोच्या जुगारगृहाचा आधार घेतला. आल्बर्ट यांच्या जहाजांमागेही त्याच उत्पन्नाचे बळ होते. जुगारात उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांचे अश्रू विज्ञानाच्या सेवेने पुसले जात नाहीत. हे आम्ही नमूद करतो, कारण थोरांच्या चरित्रातील अडचणीचे पान फाडून टाकणे प्रामाणिकपणाचे नव्हे. मात्र हाती आलेले धन त्यांनी केवळ विलासात उधळले नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्यांनी उभारलेल्या संस्था आजही कार्यरत आहेत. १९०३ साली जगातील महासागरांच्या खोलीचा नकाशा काढण्याचा खर्च त्यांनी स्वीकारला. १९०५ मध्ये २४ पत्रांचा तो पहिला नकाशासंच प्रसिद्ध झाला. १९०६ साली त्यांनी सागरविज्ञान संस्थेची स्थापना केली आणि आपले संग्रह व इमारती तिच्या स्वाधीन केल्या. आपल्या पश्चात कार्य खंडित होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. २९ मार्च १९१० रोजी मोनॅकोच्या कड्यावर सागरविज्ञान संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी त्यांनी पॅरिस येथे आदिमानवाच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली. तेथे आंरी ब्रय आणि ह्युगो ओबरमायर या दोन कॅथलिक धर्मगुरूंना त्यांनी अध्यापक म्हणून पाचारण केले.

घरच्या आघाडीवर मात्र त्यांना यश आले नाही. त्यांचा पहिला विवाह ख्रिस्तसभेने १८८० मध्ये रद्दबातल ठरवला, तर दुसरी पत्नी १९०२ साली विभक्त झाली. प्रजेलाही राज्यकारभारात आवाज नव्हता. १९१० साली लोकांचा असंतोष उफाळून आला आणि पुढील वर्षी त्यांना राज्यघटना द्यावी लागली. समुद्राची नाडी ओळखणाऱ्या या माणसाला आपल्या अंगणातील कुरबुर उशिरा ऐकू आली, असेच म्हणावे लागेल.

ते शांततेचे पुरस्कर्ते होते, पण पहिले महायुद्ध त्यांना टाळता आले नाही. युद्धानंतर समुद्रात मोकाट फिरणारे सुरुंग कोठे वाहत जातील, हे सांगण्यासाठी त्यांना तरुणपणीच्या बाटल्यांचा अभ्यास उपयोगी पडला. १९२१ साली वॉशिंग्टन येथे शास्त्रज्ञांपुढे भाषण करताना त्यांनी यांत्रिक ट्रॉलरांमुळे होणाऱ्या मत्स्यसंहाराविषयी सावध केले. २६ जून १९२२ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. मोनॅकोच्या कॅथीड्रलमध्ये ते चिरनिद्रा घेत आहेत.

त्यांनी आरंभलेला नकाशा अजून पूर्ण झालेला नाही. आधुनिक साधनांनी सागरतळाचा जेमतेम एक चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग मोजून झाला आहे. ट्रॉलरांविषयीची त्यांची चिंता तर आपल्या किनाऱ्यावरील कोळीबांधवांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. मासळी का घटली, या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने मिळत नाही, त्यासाठी समुद्राकडेच जावे लागते आणि त्या प्रवासाचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. पुढील पिढीच्या ताटातील घास ज्यावर अवलंबून आहे, त्या ज्ञानासाठी आपल्या मिळकतीतील काही वाटा बाजूला काढणे हेही दानच आहे, असे आम्हांस वाटते.