पिअरे क्युरी: रेडियमच्या आधीचा शोध, जो आजही तुमच्या मनगटावर आहे

पिअरे क्युरी म्हटलं की रेडियम आठवतं. पण त्यांचा पहिला मोठा शोध त्याहून जुना आहे आणि आपण तो रोज वापरतो.

15 मे 1859 रोजी पॅरिसमध्ये एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांनी त्यांना शाळेत न घालता घरीच शिकवलं. 1880 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी, थोरले भाऊ झाक यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिलं की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार तयार होतो. पुढच्याच वर्षी उलट परिणामही सिद्ध केला: वीज दिली की स्फटिकाचा आकार किंचित बदलतो. हीच पीझोइलेक्ट्रिसिटी.

या क्वार्ट्झपासून भावांनी अतिसूक्ष्म विद्युतभार मोजायचं उपकरण बनवलं. 1895 मध्ये पिअरे आणि मारी यांचं लग्न झालं. याच उपकरणाच्या मदतीने मारींनी युरेनियमचे किरण मोजले. 1898 मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम शोधलं, 1903 मध्ये नोबेल मिळालं.

19 एप्रिल 1906. पावसाळी दिवस. रस्ता ओलांडताना पिअरे मालवाहू घोडागाडीखाली सापडले आणि जागीच गेले. वय अवघं 46.

शोध मात्र पुढे गेला. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वॉल्टर केडी यांनी क्वार्ट्झच्या कंपनांवर चालणारा ऑसिलेटर तयार केला. आज फिटनेस बँडमधल्या मायक्रोकंट्रोलरला ठोका देतो तो असाच स्फटिक.

बॅटरी वाचवायला ही चिप सतत झोपते आणि जागी होते. पण बंद असलेला स्फटिक लगेच ताल धरत नाही. सर्किटमधल्या बारीकशा खळबळीतून कंपन सुरू होतं, अॅम्प्लिफायर ते थोडं थोडं वाढवतो. झोक्याला हलके धक्के देत उंच न्यावं, तसंच. क्वार्ट्झमध्ये ऊर्जा फार कमी वाया जाते, म्हणून तो अचूक. आणि म्हणूनच सुरू व्हायला संथ. मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला काही मिलिसेकंद लागतात, 32,768 हर्ट्झच्या घड्याळी स्फटिकाला शेकडो मिलिसेकंदही लागू शकतात.

म्हणून अनेक चिप आधी आतल्या आरसी ऑसिलेटरवर जाग्या होतात. तो कमी अचूक, पण मायक्रोसेकंदांत तयार. स्फटिकाचे ठरावीक ठोके मोजून झाले, की मगच त्याच्यावर भरवसा. घड्याळी स्फटिक तर बहुतेकदा झोपेतही चालूच ठेवतात.

रेडियमने पिअरेंना जगभर नाव दिलं. वेळ राखायचं काम मात्र त्यांचा तरुणपणीचा शोध आजही करतोय.