सावित्रीमाईंची शाळा घरातून सुरू झाली

वस्तीत साक्षरता वर्गासाठी नावे लिहून घ्यायला गेलो की सगळे होकार देतात. महिनाभरात माय मजुरीला, पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला आणि आमचा वर्ग रिकामा. जयभीमवाल्या तरुण मित्रांनो, अशा वेळी आम्ही सावित्रीमाईंचे चरित्र पुन्हा उघडतो.

माईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. 1840 मध्ये जोतिरावांशी लग्न झाले तेव्हा अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी माईंना आणि स्वतःला आईच्या मायेने वाढवणाऱ्या सगुणाबाईंना शिकवले. म्हणजे फुल्यांचा पहिला वर्ग घरातल्या माणसांचाच होता. हे आपण फार पटकन विसरतो.

1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. अंगावर शेण पडले, सासऱ्यांचे घर सुटले, पण शाळा सुटली नाही. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा झाल्या. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मातंग समाजातील मुक्ताचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला.

त्याच वर्षी फुले दांपत्याने शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. आमच्या मते सगळी मेख इथे आहे. दिवसभर राबणाऱ्याला दुपारी बोलावून तो आला नाही म्हणून नाराज व्हायचे, ही चूक त्यांनी केली नाही. वेळ त्यांनी बदलली. (आमचा वर्ग अजून दुपारी तीनलाच भरतो.)

गळती का होते याचे उत्तर जोतिरावांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिले. घरची गरिबी, गुरे राखायला आणि शेतावर मुलांची लागणारी गरज ही कारणे त्यांनी मांडली. आईबाप अडाणी म्हणून त्यांना शिक्षण नको, असा ठपका ठेवला नाही. बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितलेच, शिवाय मागास मुलांना शिष्यवृत्ती व बक्षिसेही मागितली. बाबासाहेबांनी फुल्यांना गुरू मानले ते उगाच नाही.

1890 मध्ये जोतिराव गेले. माईंनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे चालवले. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याने हडपसरजवळ दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन तिथवर आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. वय 66 होते.