चेहरा नसलेली आई : पंढरपूरचे मकबूल फिदा हुसेन

सोलापूर जिल्ह्यातले पंढरपूर म्हटले की वारी आठवते. जगभर गाजलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन १९१५ मध्ये याच पंढरपुरात जन्मले, हे आपल्या तरुणांच्या कानावर क्वचितच येते.

मकबूल जेमतेम दीड वर्षाचे असताना आई झैनब वारल्या. त्यांचा एकही फोटो नव्हता. पुढे वडील त्यांना घेऊन इंदूरला गेले. तरुणपणी मुंबईत ते सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरत. नटनट्यांचे भलेमोठे चेहरे काढणाऱ्या या हाताला स्वतःच्या आईचा चेहरा मात्र कधीच सापडला नाही.

हे पोरकेपण त्यांच्या चित्रांत उतरले. १९८० पासून त्यांनी मदर तेरेसांची चित्रमालिका केली. निळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर लेकरू आणि चेहऱ्याच्या जागी पोकळी. त्या पोकळीत पाहणारा आपापली आई पाहतो. सांचीच्या सुरुवातीच्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात नाहीत. तिथे बोधिवृक्ष आहे, पाऊलखुणा आहेत, रिकामे आसन आहे. हुसेन यांचे कारण वेगळे होते, पण चेहरा नसतानाही माणूस जवळचा वाटतो, हे आपल्याला नवे नाही.

१९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढे देवीदेवतांच्या जुन्या चित्रांवरून वाद पेटला, खटले झाले, घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अश्लीलतेचे खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि दफनही इंग्लंडमध्येच झाले.

एखादे चित्र न पटल्यास टीका करण्याचा हक्क संविधानाने प्रत्येकाला दिला आहे. पण हुसेन यांच्या बाबतीत बोट अनेकदा चित्रापेक्षा नावाकडे वळले. भाड्याची खोली मागताना आधी आडनाव विचारले जाते, तेव्हा काय वाटते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच हा प्रश्न फक्त एका चित्रकाराचा किंवा एका धर्माचा नाही. नावावरून माणूस तोलण्याच्या सवयीविरुद्ध आपण फक्त आपल्यापुरतेच बोललो, तर समतेची आपली लढाई अर्धीच राहील.