विसाव्या वर्षी इंग्रजी शिकलेला कथाकार

इंग्रजीचा तास म्हटला की आमच्यापैकी अनेकांच्या पोटात गोळा येतो. शाळेत इतकी वर्षे शिकूनही ही भाषा परकीच राहते. व्याकरणाचे नियम पाठ असतात, गाईडमधले निबंध पाठ असतात. पण दुकानात, दवाखान्यात, कचेरीत माणसे जी साधी रोजची इंग्रजी बोलतात ती ओठांवर येत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे घरी विचारावे तर कोणाला? म्हणून इंग्लंडमधील जीवनावरच्या लहान लहान कथा ग्रंथालयातून आणून वाचण्याचा परिपाठ मी ठेवला. पाहुण्याचे स्वागत कसे करतात, उसनवारी कशी मागतात, शेजाऱ्यावर रागावतात तेव्हा काय बोलतात, हे सारे कथेत आपोआप उलगडत जाते. या वाचनाच्या ओघात ‘एमी फॉस्टर’ ही कथा हाती आली. तिचा लेखक जोसेफ कॉनरॅड मुळात इंग्रज नव्हताच, आणि वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्याला इंग्रजी बोलताही येत नव्हते, हे कळले तेव्हा मी थक्क झालो. मग त्याचे चरित्र मिळेल तेथून वाचून काढले. तेच येथे माझ्या मित्रमैत्रिणींसमोर ठेवीत आहे.

कॉनरॅडचे मूळ नाव योझेफ कोझेन्योव्स्की. त्याचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बेर्डिचेव्ह येथे एका पोलिश कुटुंबात झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. त्या वेळी पोलंड हा देश नकाशावर उरलेलाच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी त्याचे लचके तोडून वाटून घेतले होते. वडील अपोलो हे कवी, अनुवादक आणि कट्टर देशभक्त. शेक्सपिअर, ह्यूगो, डिकन्स यांचे साहित्य त्यांनी पोलिश भाषेत आणले. परंतु रशियन सत्तेविरुद्धच्या कारवायांबद्दल त्यांना अटक झाली आणि १८६२ मध्ये पत्नी व चार वर्षांच्या मुलासह उत्तर रशियातील व्होलोग्दा येथे हद्दपार व्हावे लागले. तेथील थंडीने आणि हालअपेष्टांनी आई-वडील दोघांचीही प्रकृती ढासळली. १८६५ मध्ये आई क्षयाने गेली. १८६९ मध्ये वडीलही गेले. अकरा वर्षांचे पोर पोरके झाले.

आपल्याकडे अशा वेळी मामा धावून येतो. येथेही तसेच घडले. तादेउश बोब्रोव्स्की या मामाने भाच्याचा सांभाळ केला. पण भाच्याच्या डोक्यात समुद्राचे वेड शिरले होते. ज्याचे बालपण समुद्रापासून दूर गेले, त्या मुलाने खलाशी व्हायचे म्हणावे, हे कोणालाच पटले नाही. शेवटी १८७४ मध्ये, सतरावे वर्ष पुरे होण्याआधीच, तो फ्रान्समधील मार्सेय बंदरात दाखल झाला. मामा पैसे पाठवीत राहिला आणि पत्रांतून कानउघाडणीही करीत राहिला.

पुढे एक अडचण उभी राहिली. तो रशियाचा प्रजाजन असल्यामुळे फ्रेंच जहाजांवर त्याला नोकरी करता येईना. तेव्हा तो ब्रिटिश जहाजाकडे वळला आणि जून १८७८ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोवेस्टॉफ्ट येथे उतरला. वय वीस. पोलिश आणि फ्रेंच या भाषा चांगल्या अवगत. इंग्रजी मात्र जवळजवळ नाहीच.

येथून त्याची खरी शाळा सुरू झाली. लोवेस्टॉफ्ट ते न्यूकॅसल अशी कोळशाची ने-आण करणाऱ्या ‘स्किमर ऑफ द सी’ या छोट्या जहाजावर तो साधा खलाशी म्हणून लागला. तेथे ना मास्तर होता, ना फळा. कोळी, सुतार, खलाशी यांच्या तोंडची भाषा हेच त्याचे पाठ्यपुस्तक. दोर ओढताना, जेवताना, शिव्या खाताना शब्द कानावर पडायचे आणि कामाशी जोडले जायचे. त्यामुळे ते विसरणे शक्यच नव्हते. वाचनासाठी हाती आले ते ‘स्टँडर्ड’ हे वर्तमानपत्र. पुढे पाच शिलिंगांचे, शेक्सपिअरची सगळी नाटके एकत्र असलेले पुस्तक त्याने विकत घेतले आणि जहाजाची दुरुस्ती चालू असताना ते वाचीत बसला.  १८८० मध्ये त्याने जहाजावरील अधिकाऱ्याची पहिली परीक्षा दिली. त्यात दोन तासांहून अधिक काळ तोंडी प्रश्न झाले, तेही इंग्रजीत. आणि तो उत्तीर्ण झाला!

पण सर्वच परीक्षांत असे झाले नाही. १८८४ मध्ये वरच्या परीक्षेत तो आधी नापास झाला आणि काही दिवसांतच पुन्हा बसून पास झाला. कप्तानपदाच्या परीक्षेतही १८८६ च्या जुलैमध्ये अपयश आणि नोव्हेंबरमध्ये यश. आमच्यापैकी जे एटीकेटीच्या ओझ्याखाली खचतात त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळाले.

आपल्या मुंबईचाही या माणसाशी संबंध आला. १८८४ च्या एप्रिलमध्ये, मद्रासला एक जहाज सोडल्यावर, तो मुंबईस आला आणि ‘नार्सिसस’ या जहाजावर नोकरीस लागला. त्या सफरीच्या अनुभवावर त्याने १८९७ मध्ये एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिची सुरुवात मुंबई बंदरातच होते. अशाच दुसऱ्या एका जहाजातला कोळसा पेटल्याच्या अनुभवावर ‘यूथ’ ही कथा उभी राहिली. १८९० मध्ये आफ्रिकेतील काँगो नदीवर त्याने गोऱ्या व्यापाऱ्यांची लूट आणि क्रौर्य डोळ्यांनी पाहिले. त्यातून ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ जन्मास आली.

पहिली कादंबरी ‘ऑल्मेयर्स फॉली’ लिहायला त्याने १८८९ मध्ये घेतली. ते हस्तलिखित पाच-सहा वर्षे त्याच्या पेटीतून जहाजांबरोबर फिरत होते. एकदा प्रवासात केंब्रिजच्या एका तरुण पदवीधराला त्याने ते भीत भीत वाचायला दिले आणि हे पुरे करण्याजोगे आहे का, असे विचारले. त्याचा होकार कॉनरॅडला पुरला. १८९५ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली आणि खलाशाचा लेखक झाला. तरी सुख लगेच आले नाही. कर्ज, आजारपण आणि संथ लेखन यांनी तो पिचून गेला. ‘चान्स’ या कादंबरीने १९१४ मध्ये त्याला पहिल्यांदा खरी लोकप्रियता मिळाली. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. विशेष म्हणजे, इंग्रजी गद्याच्या या थोर लेखकाचे बोलण्यातले उच्चार मरेपर्यंत परकेच राहिले.

आता ‘एमी फॉस्टर’विषयी. ही कथा १९०१ मधली. केंटच्या किनाऱ्याजवळ एक जहाज बुडते आणि दूरच्या डोंगराळ मुलखातला यान्को नावाचा तरुण एकटाच वाचतो. त्याची भाषा कोणाला कळत नाही. म्हणून गाव त्याला वेडा समजते. पोरे दगड मारतात, एक गाडीवाला चाबूक ओढतो. एमी नावाची मोलकरीण त्याला भाकरीचा तुकडा देते. पुढे त्यांचे लग्न होते, मूल होते. पण तो बाळाला स्वतःच्या भाषेत गाणे म्हणू लागला की तिला भीती वाटते. एके रात्री तापात तो भान हरपून आपल्या मातृभाषेत पाणी मागतो. तिला ते समजत नाही. ती घाबरून बाळाला घेऊन पळून जाते आणि तो मरतो.

या कथेमागे अनुभव होता. १८९६ मध्ये लग्नानंतर फ्रान्समध्ये राहत असता कॉनरॅडला ताप भरला, आणि तो पोलिश भाषेत बरळू लागला. त्याची इंग्रज पत्नी जेसी भेदरून गेली होती. दुसरीकडे मायदेशात, १८९९ मध्ये, पोलिश लेखिका एलिझा ओझेश्कोवा हिने परभाषेत लिहिल्याबद्दल त्याच्यावर जाहीर टीका केली. तो घाव त्याच्या फार जिव्हारी लागला.

ही कथा वाचताना मला दवाखान्याच्या बाकावर बसलेले माझे वडील आठवले. आत दोघे इंग्रजीत बोलत होते. बोलणे वडिलांच्याच दुखण्याविषयी होते आणि त्यांना त्यातले अक्षरही कळत नव्हते. ‘काय म्हणत्यात रं?’ असे त्यांनी मला विचारले. मला निम्मे कळले, तेवढे मी आमच्या बोलीत सांगितले. वडिलांच्या चेहऱ्यावरची काळजी थोडी कमी झाली. त्या दिवसापासून उरलेले निम्मे कळावे यासाठी मी इंग्रजी शिकतो आहे. दिमाख मिरवण्यासाठी नाही. आणि ते कळल्यावर सांगायचे आहे ते वडिलांच्याच भाषेत. तीच विसरलो, तर शिकलेले सारे व्यर्थ जाईल.

कॉनरॅडही आपली भाषा विसरला नाही. १९१४ मध्ये तो बायकामुलांना घेऊन पोलंडला गेला, तेव्हा जुन्या परिचितांशी अस्खलित पोलिश बोलला. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्याने नम्रपणे नाकारला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला त्याचे निधन झाले. कँटरबरीच्या दफनभूमीत, इंग्रजांच्या भूमीत, तो विसावला आहे. त्याच्या दगडावर इंग्रजी नावाबरोबर कोझेन्योव्स्की हे घराण्याचे नावही कोरलेले आहे.

मित्रहो, आपल्या ग्रंथालयात अशा कथांची पुस्तके आहेत. महिन्याला एक जरी वाचली तरी पदवी हाती पडेपर्यंत बरीच मजल मारता येईल. न कळलेल्या शब्दाला भिऊ नका. तो कथेतल्या माणसांबरोबर दोन-तीनदा भेटला की ओळखीचा होतो.